दहावी अवघड झाली की जादा तास नका वाढवू, आधी आठवीचं टाईमटेबल फाडा

२०१९ चा दहावीचा रिझल्ट आठवतोय ना, आदल्या वर्षी राज्याचा ८९.४१ टक्के होता तो एकदम ७७.१० वर आला. पोरं काय एका वर्षात ढ झाली नव्हती. अभ्यासक्रम नवा होता हे खरं, पण मोठा फटका बसला तो भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० मार्क काढून पूर्ण १०० चा लेखी पेपर केला त्याचा. पुढच्या वर्षी ते २० परत आले आणि रिझल्ट गेला ९५.३० वर (भूगोलाचा पेपर लॉकडाऊनमुळे झालाच नाही, त्याचे सरासरीने मार्क दिले, ते वेगळं). मी भांडुपला एका अनुदानित मराठी शाळेत पर्यवेक्षिका आहे, त्या जूनमध्ये आमच्या स्टाफरूममध्ये जी शांतता होती ती मी विसरलेले नाही. आता परत नियम बदलण्याचे दिवस आलेत, पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आलीच आहे, २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तर दहावीला दहा विषय मांडलेत, त्यात कला, शारीरिक शिक्षण, व्यवसाय शिक्षण सगळं आलं. म्हणजे पुढे काय कडक होईल ते होवो, शाळा कशी बदलायची ते आम्ही धडपडत जे शिकलो ते लिहितेय, घ्यायचं ते घ्या.

सगळ्यात पहिलं काम एका रविवारी दुपारी होतं, चहाचा थर्मास आणि एक्सेल एवढंच लागतं. मागच्या तीन वर्षांचे दहावीचे विषयवार मार्क काढा आणि प्रत्येक पोराच्या एकूण मार्कांतून आपणच दिलेले अंतर्गत मार्क वजा करा. समजा एखाद्याला गणितात ३५ आहेत आणि त्यातले १८ आपले, म्हणजे त्याने लेखीत ८० पैकी १७ काढले. ८० चे ३५ टक्के २८ होतात. तर लेखीत २८ च्या खाली किती पोरं आहेत ती मोजा, विषयाप्रमाणे, तुकडीप्रमाणे. हा आकडा म्हणजे तुमच्या शाळेचा खरा रिझल्ट. गेटवर लावलेल्या बॅनरवरचा नाही. आमचा आकडा बघून एक सर म्हणाले मॅडम हे संस्थेला दाखवू नका. मी दाखवला. अध्यक्षांनी विचारलं मग आपण अंतर्गत एवढे का देतो, आणि कोणाकडेच उत्तर नव्हतं कारण सगळेच देतात म्हणून आपण देतो. माझं म्हणणं एवढंच, देऊ नका असं नाही, पण ज्याला येत नाही त्याला १८ दिले की पोराला, आईबापाला आणि आपल्याला, तिघांनाही कळत नाही की याला येत नाही.

हा आकडा बघून कोणीही पहिलं काय करतं? दहावीला जादा तास. सकाळचे जादा तास, रविवारचे जादा तास, दिवाळीत सराव पेपर. आम्ही पण केलं, दोन वर्षं केलं, आणि त्यातून फक्त काठावरची पोरं काठाच्या जरा अलीकडे आली. का ते मला एका पोरीच्या वहीत दिसलं. दहावीच्या बीजगणिताचं पहिलं प्रकरण, दोन चलांतील रेषीय समीकरणं, पोरीने दोन्ही समीकरणं नीट एकाखाली एक मांडलेली, वजाबाकीची खूण बरोबर, अक्षर मोत्यासारखं, आणि मग ३ वाय वजा उणे २ वाय इथे तिने लिहिलं १ वाय. पुढचं सगळं चुकलं. प्रत्येक गणितात हेच. सर तिला समीकरण परत परत शिकवत होते, आणि तिचं अडलं होतं सहावीतल्या उणे संख्यांपाशी. दहावीत जानेवारीत हे कोण शिकवणार, आणि पंधरा वर्षांची पोर वर्गात हात वर करून विचारणार आहे का की सर उणे वजा उणे म्हणजे काय?

म्हणून मी म्हणते दहावी बदलायची तर आठवी-नववी बदला. अमेरिकेत शिकागोमध्ये संशोधकांनी २००५ मध्ये एक साधी गोष्ट दाखवली होती, तिथली हायस्कूल नववीला सुरू होते, तर नववीत पुरेसे क्रेडिट (विषय पास झाला की मिळणारे गुण) मिळवणारं आणि मुख्य विषयात एका सत्रापेक्षा जास्त नापास न होणारं पोर चार वर्षांत शाळा पास होऊन बाहेर पडण्याची शक्यता, रुळावरून घसरलेल्या पोरापेक्षा साडेतीन पट. आपली परीक्षा वेगळी, पद्धत वेगळी, पण नववीत घसरलेलं पोर दहावीत आपोआप सावरत नाही हे भांडुपला पण तितकंच खरं आहे.

तर जून महिना. शाळा उघडली की पहिल्या दोन आठवड्यांत आठवी आणि नववीच्या प्रत्येक पोराची चाचणी घ्या, पण आठवी-नववीच्या अभ्यासावर नाही. पाचवी-सहावीचा एक उतारा समोर वाचायला द्यायचा, एकेकट्याला, बाकीच्यांसमोर अजिबात नाही, आणि दहा गणितं, त्यात अपूर्णांक, भागाकार, उणे संख्या, टक्केवारी. अर्धा पाऊण तास लागतो. मार्क मांडू नका, कुठे अडलं ते लिहा. "गणित कच्चं" असं लिहिलेला कागद रद्दी आहे, "छेद वेगळे असले की अडतो" असं लिहिलेला कागद कामाचा. पातळीप्रमाणे गट करून शिकवायची ही कल्पना काय माझी नाही, प्रथम संस्थेने १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधूनच काम सुरू केलं आणि पुढे प्राथमिकच्या पोरांसाठी हीच पद्धत देशभर नेली. माध्यमिकवाल्यांना वाटतं ते बालवाडीचं काम, आपलं नाही. तिथेच सगळं अडतं.

आता टाईमटेबल, आणि हे नीट वाचा कारण सगळी गंमत यातच आहे. आमची दुपारची शिफ्ट, पावणेएक ते सहा, दिवसाला ३५ मिनिटांचे ८ पिरियड, शनिवारी ५. आता ३५ मिनिटांत हजेरी, दंगा, वह्या काढा, फळा पुसा यात सात-आठ मिनिटं जातात, उरतात २७. तेवढ्यात एक उदाहरण फळ्यावर होतं आणि पोरांच्या हाताला काही लागायच्या आत घंटा. म्हणून गणित आणि विज्ञानाला आठवड्यातून दोनदा जोडपिरियड द्या, ७० मिनिटं सलग. दुसरं म्हणजे आठवी अ आणि आठवी ब चं गणित एकाच वेळी ठेवा. समांतर. असं केलं की दोन्ही तुकड्यांतली पोरं उचलून तीन गट करता येतात, तिसरा गट छोटा, १५-१८ पोरांचा, त्याला मोकळे असलेले तिसरे शिक्षक. जोडपिरियडमधला पहिला भाग पायाचा, दुसरा भाग चालू धड्याचा, म्हणजे पोर मागेही पडत नाही. शिकागोने पण २००३ पासून नववीत कच्च्या पोरांना बीजगणिताचे दोन पिरियड द्यायला सुरुवात केली आणि नंतरच्या अभ्यासात त्यांच्यातली जास्त पोरं हायस्कूल पास होऊन कॉलेजला गेलेली दिसली.

तिसरे शिक्षक आणायचे कुठून हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो, कारण संच मान्यतेत (पटसंख्येवरून सरकार शिक्षकांची पदं ठरवतं त्यात) जी पदं मिळतात तेवढीच, वरून निवडणुकीचं काम, बीएलओ म्हणजे मतदारयादीचं काम, सर्वेक्षण. आम्ही विज्ञानाच्या मॅडमना आठवड्याला चार पिरियड गणिताच्या छोट्या गटाला लावलं आणि त्यांचं कागदी काम, म्हणजे शालार्थ (पगाराची ऑनलाइन नोंद), शिष्यवृत्तीचे फॉर्म, युडायस (शाळेच्या माहितीची सरकारी नोंद), दुसऱ्यांत वाटलं. त्यावर थोडी कुरकुर झाली, ती होणारच. पण पीटी आणि चित्रकलेचा पिरियड कापू नका, प्लीज. एकतर कला आणि क्रीडेचे वाढीव गुण दहावीला मिळतात, आणि दुसरं म्हणजे जे पोर गणितात रोज हरतं ते कबड्डीत जिंकतं म्हणून शाळेत येतं. ते काढून घेतलं की ते येणारच नाही.

याहून अवघड एक बदल आहे, "दहावीचे सर" आठवीला आणणं. प्रत्येक शाळेत एक असतात, वर्षानुवर्षं फक्त दहावी घेणारे, हातात खडू आला की वर्ग गप्प. आमच्या सरांना मी विचारलं तेव्हा त्यांना तो अपमान वाटला, दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. मग मी त्यांना त्या पोरीची वही दाखवली. काही न बोलता त्यांनी ती दोनदा उलटसुलट केली आणि म्हणाले, मॅडम, आठवी ब द्या मला, अ नको.

जागेचं काय? मुंबईत सकाळी एक शाळा आणि दुपारी दुसरी, जिन्यात पोरं एकमेकांवर आदळतात. तिसरा गट आम्ही प्रयोगशाळेत बसवला, तिथे दुसरा तास असला की ग्रंथालयात, आणि एकदा तर मधल्या पॅसेजमध्ये, पावसाचे थेंब येत होते तरी. पण माझ्या मते वर्गापेक्षा मोठा प्रश्न घरचा आहे, दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, पोर अभ्यास कुठे करणार? म्हणून सहानंतर दीड तास दोन वर्ग उघडे ठेवायचे, फक्त नववी-दहावी, शिकवायचं काही नाही, बसून आपलं आपण करायचं, एक शिक्षक पाळीने. यात तीन गोष्टी आधी ठरवा. शिपाई मामांना जास्तीच्या वेळेचं काहीतरी द्या, संस्थेकडून नाहीतर माजी विद्यार्थ्यांकडून, फुकट राबवू नका. खायला द्या, शेंगदाणे गूळ चालेल, चणे चालतील, सकाळी अकराला जेवलेलं पोर साडेसहाला प्रमेय नाही सोडवत. आणि मुलींचे चाळीप्रमाणे, वस्तीप्रमाणे गट करून एकत्र घरी पाठवा, कोण कोणाबरोबर जाते ती यादी दारावर लावा. ही यादी नव्हती तेव्हा पहिल्या आठवड्यात निम्म्या मुली आल्याच नाहीत, आया पाठवत नव्हत्या, बरोबरच आहे त्यांचं.

वर्षाचं कॅलेंडर पण मुंबईचं करा. जुलैमध्ये एखाद-दोन दिवस पाणी भरून जाणारच, आणि गणपतीला अर्धा वर्ग गावाला, कोकणात, गेलेला असतो, कोणी पाच दिवस कोणी पंधरा. दरवर्षी आपण त्याच्या आजूबाजूला नवीन प्रकरण काढतो आणि मग म्हणतो पोरं मागे पडली. त्या काळात नवीन काही सुरू करू नका, छोट्या गटांची उजळणी ठेवा, आणि गावाहून आल्यावर आठवडाभर चाचणी नको. हजेरी दर शनिवारी बघा. महिन्यात चार खाडे झाले की वर्गशिक्षकाने फोन करायचा, "का नाही आला" असा नाही, "सगळं ठीक ना ताई" असा. पालकसभा आम्ही दुपारी तीनला ठेवायचो आणि कोणी येत नाही म्हणून पालकांना नावं ठेवायचो, अहो तीनला ती बाई चार घरची भांडी घासत असते. आता रविवारी सकाळी दहाला ठेवतो आणि नोटिशीऐवजी व्हॉट्सअपवर माझ्या आवाजात एक मिनिटाचा निरोप टाकते, कारण सगळ्यांना वाचता येतंच असं नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. नियम कडक झाले की काही शाळा कच्च्या पोराला नववीत अडकवतात, नाहीतर आईवडिलांना बोलावून गोड बोलून १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेबाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म, भरायला लावतात. शाळेचा रिझल्ट शंभर टक्के आणि पोर बाहेरून एकटं. माझ्या सख्ख्या भाच्याला एका शाळेने असंच बाहेर काढलं, नाव घेत नाही, तो पुढे दोन वर्षं घरात बसून होता. असा रिझल्ट लावायचा असेल तर वर लिहिलेलं काहीच करायची गरज नाही.

आणि शेवटचं, रिझल्टच्या दिवशीचं. हे कोणी आधी ठरवत नाही म्हणून सांगते. त्या दिवशी सगळे पहिल्या आलेल्या पोरीभोवती असतात, फोटो, हार, संस्थेचे लोक. नापास झालेली पोरं शाळेत येतच नाहीत. त्यांची यादी एका शिक्षकाकडे द्या, त्याने त्या दिवशी दुसरं काही करायचं नाही, दुपारपर्यंत प्रत्येकाच्या घरी फोन, जो उचलत नाही त्याच्या घरी जायचं. सांगायचं काय, तर एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळू शकतो, लगेच पुरवणी परीक्षा असते, फॉर्मची मुदत थोडी असते, उद्या दहा वाजता शाळेत ये, तुझे मॅडम बसलेले असतील. रडत असेल तर रडू द्या, फोन ठेवू नका. पुरवणीपर्यंत रोज दोन तास त्याच विषयाचे, जूनमध्ये दुपारी वर्ग नसेल तर सकाळी साडेसातला प्रयोगशाळेत. सगळ्यांचे फॉर्म भरून झाले की मग पेढ्यांचा बॉक्स उघडा.