गेम अन् गाणी दोन्हीले चालणारा हेडफोन घ्यायचा आहे? आधी हे पाहा

सोयाबीन विकलं अन् हातात चार पैसे आले की पोट्ट्यांचा प्रश्न ठरलेला, भाऊ गेमिंगचा हेडफोन कोणता घेऊ, गाणे बी ऐकाचे आहे त्याच्यावर. मी पह्यले एकच विचारतो, लावणार कुठं आहेस बापा? मोबाईलले, कॉम्प्युटरले, का दोन्हीले? अन् खेळतो कुठं, कूलरसमोर का गच्चीवर? अर्धं उत्तर तिथंच निघते, कंपनीचं नाव त्याच्यानंतर.

आधी एक सांगून ठेवतो, डब्यावर "गेमिंग" लिहिलं म्हणजे त्याच्यात गेमसाठी काही वेगळं मशीन बसवलं आहे असं नाही. स्वस्तातल्या गेमिंग हेडफोनमध्ये तुमचे पैसे जातात लाल-निळ्या लाईटमध्ये, मोठ्या डब्यात अन् त्या वाकड्या माईकच्या दांडीत, आवाजाले उरते ते उरलंसुरलं. जे गेमिंग हेडफोन खरंच चांगले निघाले त्यांची गोष्ट पाहा, हायपरएक्स कंपनीचा पह्यला क्लाउड हेडफोन 2014 ले आला, लोकांनी डोक्यावर घेतला, तं तो टाकस्टार नावाच्या कंपनीच्या स्टुडिओ हेडफोनच्याच सांगाड्यावर बनलेला होता. म्हणजे गाण्याचाच हेडफोन, त्याले माईक लावला. म्हणून माझं मत सरळ आहे, गाण्यासाठी चांगला असलेला वायरवाला हेडफोन घ्या, गेम त्याच्यात आपोआप चांगला वाजते. उलटं सहसा होत नाही.

कसं ते सांगतो. बीजीएमआयमध्ये, म्हणजे पबजीसारख्या मोबाईलवरच्या गोळीबाराच्या गेमात, तुम्हाले काय ऐकू यायले पाह्यजे? पायाचा आवाज, कोणत्या बाजूनं आला, वरच्या माळ्यावर का खालच्या, अन् किती लांब. पायाच्या आवाजातला कामाचा भाग बराचसा मधल्या पट्टीत राह्यते. आता ज्या हेडफोनमध्ये "एक्स्ट्रा बास" म्हणून धमधम भरून ठेवली आहे त्याच्यात ग्रेनेड फुटला, गाडी गेली की तो जाडा आवाज बारीक आवाजाले गिळून टाकते, अन् मागून येणारा तुम्हाले मारून जाते तरी पत्ता लागत नाही. गाण्यातबी तेच होते, ढोलकी ऐकू येते अन् गाणाऱ्याचे शब्द बुडतात. म्हणून बास असावा पण आवरलेला असावा, अन् मधला आवाज मोकळा असावा, दोन्ही कामाले हेच लागते.

डब्यावरच्या 7.1 सराउंडच्या, म्हणजे चारी बाजूनं आवाज येते म्हणाच्या, नादी लागू नका. खऱ्या 7.1 ले सात स्पीकर अन् एक वूफर लागते, हेडफोनमध्ये एका कानाले सहसा एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, खेळ खतम. डब्यावरचं 7.1 म्हणजे सॉफ्टवेअरची करामत. दिशा ओळखाचं काम आपला मेंदूच करते, एका कानात आवाज जरा आधी अन् जरा मोठा पोचला की त्याले कळते, अन् समोर-मागं, वर-खाली हे बाहेरच्या कानाच्या आकारामुळं कळते. व्हॅलोरंटसारख्या गेमात याच्यासाठी एचआरटीएफ नावाचं सेटिंग दिलेलं आहे, ते चालू करा अन् हेडफोनचं 7.1 बंद ठेवा, दोन्ही एकावर एक चढवले की आवाज डब्यातून आल्यासारखा होते अन् दिशाच बिघडते.

आता ब्लूटूथ. इथं सगळ्यात जास्त भांडण होतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. साध्या ब्लूटूथले आवाज पॅक करा, पाठवा, उघडा, वाजवा याच्यात वेळ लागते, एसबीसी नाहीतर एएसी कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाज पॅक कराची पद्धत) तो साधारण 150 ते 250 मिलीसेकंद राह्यते. मंग पोट्टे म्हणतात, भाऊ यूट्यूबवर तं ओठ बरोबर हलतात ना! हो, कारण व्हिडिओच्या ॲपले माहीत राह्यते की आवाज उशिरा जाणार आहे, ते चित्रच तेवढं मागं थांबवून ठेवते. गेमले हे जमत नाही, समोरच्यानं गोळी आता चालवली तं ती आताच दाखवाव लागते. म्हणून ट्रिगर दाबला अन् आवाज मंग आला असं होते. "गेम मोड" वाले इअरबड हा उशीर कमी करतात, पण डब्यावर लिहिलेला 40 मिलीसेकंदचा आकडा तुमच्या मोबाईलवर तसाच भेटल असं धरून चालू नका. अन् एलडीएसी नावाचा कोडेक असला म्हणजे भारी, असंही नाही, ते 990 केबीपीएसपर्यंत जाते पण ते गाण्याच्या क्वालिटीसाठी, उशीर कमी कराले नाही.

याच्याहून मोठी गंमत माईकची आहे. स्क्वॉडमध्ये माईक चालू केला की गेमचा आवाज एकदम फोनवर बोलल्यासारखा चपटा होते, हे पाह्यलं असल. हेडफोन खराब नाही झाला. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये माईक चालू झाला की ते गाण्याच्या मोडमधून कॉलच्या मोडमध्ये जाते, स्टिरिओचं मोनो होते. मोनो झालं की डावं-उजवं गेलं, पायाचा आवाज कुठून येते ते काय घंटा कळणार? एलई ऑडिओवाले, म्हणजे ब्लूटूथच्या नव्या पद्धतीचे सेट याच्यात बरे आहेत पण मोबाईल अन् हेडफोन दोन्हीकडं ते असाव लागते. बिनवायरचंच पाह्यजे असल तं 2.4 गिगाहर्ट्झचा डोंगल, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरले खोचाचा छोटा रिसीव्हर, येणारा हेडफोन घ्या, त्याचा उशीर खेळताना जाणवत नाही, फक्त मोबाईलसाठी डोंगल टाईप-सीचा आहे का ते पाहून घ्या, नाहीतर कन्व्हर्टर लावून बसा. पैसे जास्त लागतात हे वेगळंच. अन् आपल्याकडं लाईटचा काय भरवसा, ऐन मॅचमध्ये बॅटरी लो म्हणून बाई बोलली की झालं. वायरवाल्याले चार्जिंग नाही, हे मले तं लय मोठं सुख वाटते.

वायरवाला घेताना पिन पाहा, दुकानात उभं राहूनच पाहा. पिनवर तीन काळ्या रेघा असल्या तं माईक आहे, दोनच असल्या तं नुसता आवाज. जुन्या कॉम्प्युटरले मागं हिरवं अन् गुलाबी असे दोन भोकं राह्यतात, तिथं तीन रेघांची पिन नुसती हिरव्यात खुपसली तं माईक चालणार नाही, एकाचे दोन करणारी वाय (Y) आकाराची वायर घ्यावी लागते, ती स्वस्तात भेटते. मोबाईलले गोल जॅकच नसल तं टाईप-सीचा कन्व्हर्टर घ्या पण डॅक चिप (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी) असलेला. बिनचिपचा कन्व्हर्टर काही मोजक्याच मोबाईलवर चालते, बाकीच्यांवर मुका राह्यते अन् मंग दुकानदारासंग वाद.

एक आपल्या गावातलं खास दुखणं सांगतो. लॅपटॉप चार्जिंगले लावला की हेडफोनमध्ये घूं घूं आवाज येते, अन् लोक हेडफोन परत कराले निघतात. चार्जर काढून पाहा, घूं बंद झाली तं दोष बहुतेक चार्जरचा नाहीतर घराच्या अर्थिंगचा आहे. बऱ्याच घरात तिसऱ्या पिनले अर्थिंगची वायरच जोडलेली राह्यत नाही. इलेक्ट्रिशियनले बोलवा, हेडफोनले शिव्या देऊ नका.

आता कानावरचा मोठा घ्याचा का कानातला? इथं विदर्भातला मे महिना डोळ्यासमोर ठेवा. अकोला म्हणा, चंद्रपूर म्हणा, पारा 45 च्या पार जाते, त्याच्यात रेक्झिनच्या गादीचा हेडफोन कानावर दाबून बसलं की दुसऱ्या मॅचमध्ये कानाखालून घामाच्या धारा. तो घाम त्या रेक्झिनमध्ये मुरते, अन् एकदोन उन्हाळे गेले की गादीचे काळे पापुद्रे निघाले लागतात, मानेले चिकटतात, उशीवर पडतात, आई विचारते हे काय किडे पडले. म्हणून मोठाच घ्याचा असल तं कापडी नाहीतर वेलूरची गादी पाहा, गादी बदलता येते का ते विचारा, अन् वजन 300 ग्रॅमच्या आत ठेवा. ओपन-बॅक, म्हणजे मागून जाळीवाला हेडफोन कानाले गरम करत नाही अन् त्याच्यात गेमचा पसारा लय मोकळा वाटते, फिलिप्सचा एसएचपी9500 याच्यासाठीच नावाजलेला आहे. पण तो बाहेरचा आवाज अडवतच नाही. बाजूले डेझर्ट कूलर घरघरत असल तं तुम्हाले पायाचे आवाज नाही, कूलरचा पंप अन् गवताच्या ताट्यांवरून गळणारं पाणी ऐकू येईल. थंडीच्या दिवसात, रात्री, शांत खोलीत खेळणाऱ्यानं तो खुशाल घ्यावा.

बाकी सगळ्यांले मी आयईएम सांगतो, म्हणजे कानात घट्ट बसणारे वायरवाले, वायर कानाच्या मागून जाते ते. कान तापत नाही, बाहेरचा आवाज रबरानंच अडते, अन् कमी पैशात जेवढा साफ आवाज याच्यात भेटते तेवढा त्याच पैशाच्या मोठ्या हेडफोनमध्ये मी तं नाही ऐकला. केझेडचा ईडीएक्स प्रो बजेट एकदम टाईट असल तं, जरा जास्त पैसे असले तं मूनड्रॉपचा चू 2. केझेडमध्ये माईकवाला अन् बिनमाईकवाला असे वेगळे पर्याय राह्यतात, ऑर्डर दाबाच्या आधी नीट पाहा, बरेच जण इथंच फसतात. वायर निघणारी असल तं चांगलं, तुटते ती वायरच, मंग पूर्ण सेट फेकाव लागत नाही.

आयईएम घेतल्यावर "भाऊ बासच नाही याच्यात" अशी तक्रार आली की समजाचं रबर बरोबर बसलं नाही. डब्यात तीन साईजचे रबर येतात, तिन्ही लावून पाहा. डाव्या अन् उजव्या कानाची साईज वेगळी असू शकते, एकात मोठं एकात मधलं चालते. कान वर-मागं ओढून थोडं फिरवून बसवा, बोटानं चुटकी वाजवली अन् ती लांबून आल्यासारखी वाटली तं बसलं.

डब्यावरच्या आकड्यांमध्ये 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ हे सगळेच लिहितात, ते सोडा. 50 एमएम ड्रायव्हर, तेही सोडा. पाह्याचा आकडा एकच, ओहम, म्हणजे हेडफोन विजेले किती अडवते ते. 16 ते 32 ओहमचा मोबाईलवर सहसा आरामात वाजते. 250 ओहमवाला बेयरडायनॅमिकचा डीटी 990 प्रो कोणी सेकंडहँड स्वस्तात देत असल तं हुरळून जाऊ नका, त्याले आवाजाले ताकद देणारा वेगळा ॲम्प लागते, नाहीतर मोबाईलवर मरतुकडा वाजल.

ऐकून घ्याले भेटलं तं सोडू नका. तालुक्यातला दुकानदार डबा फोडत नाही, मंग मित्राचा लावून पाहा, नागपूरले गेले तं बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, विचारा. आपल्या ओळखीचं गाणं लावा, दुकानदाराचं धमधमवालं नाही. माझी पह्यली परीक्षा खंजिरी भजन. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या बाजूचे आपण, ते कानात पक्कं बसलेलं राह्यते. खंजिरीच्या चकत्यांचा आवाज स्वच्छ छनछन यायले पाह्यजे, तो काचेसारखा टोचला, अन् गाणाऱ्याचा स, श कानात सुई घातल्यासारखा लागला, तं तो सेट दोन तास ऐकवणार नाही. मंग ढोलकीचं काही लावा, शाईवरची कडक थाप अन् धुमाकडचा घुमारा वेगवेगळा ऐकू यायले पाह्यजे, दोन्हीचा एक गोळा झाला तं गेममध्ये पाय अन् गोळ्याबी अशाच एक होतील. शेवटी गेमच्या ट्रेनिंग ग्राउंडवर जा, दोस्ताले तुमच्याभोवती गोल पळाले लावा, डोळे बंद करा अन् बोटानं दाखवत राहा तो कुठं आहे. समोर-मागं थोडं चुकल तं चालते, डावं-उजवं चुकलं तं नको.

घेतल्यावर आवाज जरा इकडंतिकडं वाटला तं आवाजाचा जाडा-बारीकपणा कमीजास्त कराले अँड्रॉइडवर वेव्हलेट ॲप टाका, विंडोजच्या कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओ, दोन्ही फुकट चालतात. गेम खेळताना 150 हर्ट्झच्या खालचं थोडं कमी करा, गाणे ऐकताना परत जागेवर. आवाजाचं म्हणाल तं डब्ल्यूएचओचा हिशोब मोठ्या माणसाले 80 डेसिबल आठवड्याले 40 तास, अन् त्याच्यावर दर 3 डेसिबलले वेळ अर्धा होते, 83 ले 20 तास, 86 ले 10. कूलरच्या वर चढवाले म्हणून जे लोक आवाज फुल करतात त्यांचा हिशोब लवकर संपते, आयईएम सांगाचं ते बी एक कारण आहे.

ब्लूटूथवाला घेत असान तं डब्यावर बीआयएसचा (सरकारच्या भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का अन् आर पासून सुरू होणारा नंबर पाहा, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की माल बनवणाऱ्या कंपनीचं अन् ब्रँडचं नाव निघते, ब्रँड दुसराच निघाला तं माल नकली असू शकते. ऑनलाईन मागवताना गावच्या पिनकोडवर नुसती डिलिव्हरी नाही, रिटर्नची पिकअप आहे का तेही पाहा, नसल तं तालुक्याच्या ठिकाणच्या पाहुण्याचा पत्ता टाका. डबा उघडताना व्हिडिओ काढा, लेबलपासून सुरू करा, मधात बंद करू नका. अन् बिलाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, वॉरंटीच्या वेळी कागद सापडत नाही, सापडला तं त्याच्यावरची शाई उडालेली राह्यते.