भोरला जायचं तर महाडवरून चढा

मुलुंडहून भोरचा रस्ता विचारला की मोबाइलवरचा मॅप एकच टुमणं लावतो: एक्स्प्रेस वे, पुणे, कात्रज, कापूरहोळ, भोर. काम असेल तर हाच रस्ता बरा. पण नुसतं भटकायला निघालो असू, तर मी महाडवरून वरंधा घाट चढते. मॅपमध्ये मुद्दाम महाडचा थांबा घालावा लागतो, नाहीतर तो परत परत पुण्याकडेच ओढतो.

ताम्हिणी घाटही सुंदर आहे, वादच नाही. पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची जत्रा असते, आणि पलीकडे उतरलात की मुळशी-पिरंगुट, म्हणजे पुन्हा पुण्याचीच गर्दी. वरंधा थेट भोरमध्ये नेऊन सोडतो.

घाट निवडताना लोक किलोमीटर बघतात, मी ऊन बघते. सह्याद्रीची भिंत कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड करून उभी आहे. सकाळी चढलात तर सूर्य समोरून डोळ्यांत येतो आणि कडे नुसते काळपट दिसतात. दुपार कलली की ऊन पाठीमागे जातं आणि त्याच कड्यांच्या आडव्या पट्ट्या, मधल्या गवताच्या रेघा, सगळं मोजून घ्यावं इतकं स्पष्ट होतं. म्हणून उजाडायच्या आत ऐरोलीचा पूल ओलांडायचा, पळस्पे फाट्यावरून गोवा महामार्ग धरायचा (त्याच्या कामाचं रडगाणं मी गात नाही, ते सगळ्यांना पाठ आहे), महाडला जेवायचं आणि दोनच्या सुमारास निघायचं. महाड ते भोर सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे, पण थांबत थांबत तीन तास धराच. अंधाराच्या आत भोर गाठायचं, हे पक्कं.

महिना नोव्हेंबर ते जानेवारी. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दरडी येतात आणि प्रशासन घाट बंद ठेवतं. पावसाळा सरल्यावरही खात्री करायची असेल तर महाडच्या एसटी स्टँडवर विचारा, ‘भोरची गाडी घाटाने जातेय का?’ एसटी जात असेल तर आपली गाडीही जाते. पेट्रोल आणि टायरची हवा महाडलाच बघून घ्या. घाटात रेंज जाते, म्हणून मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा.

बिरवाडी मागे पडली, वरंध गाव गेलं की चढ सुरू होतो. रस्ता अरुंद, वळणं आंधळी. प्रत्येक वळणाआधी हॉर्न, आणि समोरून कोणी आलं तर चढणाऱ्याला आधी वाट. तो नियमच आहे, पण उतरणारे सगळे पाळतील असं धरून चालू नका. सासूबाईंना गाडी लागते, म्हणून त्या पुढच्या सीटवर, काच अर्धी खाली, तोंडात आवळासुपारी. ‘अगं, मागे बसून मोबाइल बघणाऱ्यालाच मळमळतं,’ असं त्या नातवाकडे बघत म्हणतात आणि ते खरंच आहे.

माथ्याजवळ वाघजाईचं देऊळ येतं. इथे मात्र घाई करू नका. चहा-भज्यांच्या टपऱ्यांवर कांदाभजी घ्या, पण गाडीची काच लावून घ्या. माकडं पुडी हातातून ओढून नेतात आणि वर कठड्यावर बसून आपल्यासमोरच खातात. त्यांना काही घालू नका, त्यानेच ती सोकावलीत. पश्चिमेला खाली कोकण, आणि आत्ता चढून आलो त्या रस्त्याची वळणं एकाखाली एक दिसतात.

पलीकडे उतार तेवढा तीव्र नाही, तरी ब्रेकवर पाय दाबून उतरू नका. ब्रेक तापतात. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच तिला आवरतं. पुढे हिर्डोशीच्या बाजूला नीरा देवघर धरणाचं पाणी सोबतीला येतं. फोटो काढायचा तर रस्ता रुंद असेल तिथेच गाडी बाजूला घ्या, वळणावर नाही.

भोरमध्ये मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी पंतसचिवांचा, म्हणजे भोरच्या संस्थानिकांचा, राजवाडा बाहेरून तरी बघा. येताना कापूरहोळवरून सरळ हमरस्ता धरा, घाटाची हौस फिटलेली असते. फक्त रविवारी दुपारचं जेवून निघू नका, संध्याकाळी एक्स्प्रेस वेवर सगळी मुंबई एकदम परतत असते. दहाच्या आत भोर सोडलंत तर दुपारी घरी वरणभाताचा कुकर लावता येतो.