निळ्या भांड्यावर पांढरी उठावाची फुलं

निळी, मॅट, ग्लेझ (काचेसारखा चकचकीत थर) नसलेली पार्श्वभूमी आणि तिच्यावर साच्यातून काढलेली पांढरी फुलं: इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या जोसाया वेजवुडने 1770 च्या दशकात सिद्ध केलेलं हे जास्परवेअर. त्याच्या मातीत बेरियम सल्फेटचा मोठा वाटा असे. ती माती घरच्या स्टुडिओत बनवायच्या भानगडीत पडू नका. पोर्सेलिन किंवा बारीक पांढरी स्टोनवेअर माती घेऊन जवळपास तसंच भांडं होतं. फक्त भांड्याची आणि फुलांची माती एकाच पोत्यातली हवी. दोन माती कमी-जास्त आकसल्या की फूल वाळताना नाहीतर भट्टीत सुटणारच.

सगळी माती निळी करण्यात अर्थ नाही, कोबाल्ट महाग पडतं. वेजवुडनेही याच कारणाने पुढे पांढऱ्या भांड्याला नुसता निळा थर द्यायला सुरुवात केली. त्याच मातीचा 500 ग्रॅम कोरडा चुरा आणि 5 ग्रॅम कोबाल्ट कार्बोनेट पाण्यात भिजवून 100 मेशच्या चाळणीतून दोनदा गाळा. फिकट निळा हवा असेल तर 2.5 ग्रॅम पुरे. कार्बोनेटऐवजी ऑक्साइड असेल तर 5 ग्रॅमच्या जागी 3 ते 3.5 ग्रॅम; पण नीट गाळलं नाही तर गडद ठिपके उठतात. पावडर हाताळताना मास्क आणि हातमोजे घालाच. भांडं चामड्याइतकं कडक झालं की या स्लिपचे, म्हणजे मातीच्या पातळ घोळाचे, तीन पातळ हात द्या. आधीच्या हाताची ओली चमक गेल्याशिवाय पुढचा देऊ नका.

साचा आधीच तयार हवा. काचेवर प्लॅस्टिसिनचं फूल घडवा, उंची 3-4 मिमी, पाकळ्यांच्या कडा बाहेरच्या बाजूला उतरत्या. कुठेही आत वळलेली कड राहिली तर माती साच्यात अडकते. माती भाजून साधारण 12 टक्के आकसत असेल तर 5 सेंमीचं फूल शेवटी 4.4 सेंमी भरतं, त्या हिशेबाने मोठं करा. भोवती मातीची भिंत घालून प्लास्टर ओता: 700 मिली पाण्याला 1 किलो. प्लास्टर पाण्यावर भुरभुरवा, दोन मिनिटं भिजू द्या, मग बुडबुडे न करता हाताने ढवळा. बुडवून काढलेल्या बोटावर पांढरा थर राहिला की ओतायची वेळ झाली. साचा पूर्ण वाळायला काही दिवस जातात, कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात तर जास्तच. घाईने 50 अंशांच्या वर तापवलात तर प्लास्टर भुसभुशीत होतं.

मऊ पण हाताला न चिकटणारी माती साच्यात मधून कडेकडे दाबा आणि पट्टीने वरून सपाट करा. पट्टीने प्लास्टर खरवडू नका. त्याचा कण मातीत गेला तर भाजल्यानंतरही त्या जागी टवका उडू शकतो. मिनिट-दोन मिनिटांत साचा पाणी शोषतो आणि माती कडेपासून किंचित सुटते. पाठीला मातीचा छोटा ओलसर गोळा टेकवून फूल सरळ वर उचला. साच्याला तेल लावायचं नाही, त्याने तो पाणी शोषायचा थांबतो. फूल निघत नसेल तर साचा ओला झालाय. वाळू द्या, तोवर दुसरा वापरा.

फुलांच्या जागा ठरवायला कागदाची पट्टी भांड्याभोवती गुंडाळा, तिच्या सहा किंवा आठ घड्या घाला आणि पेन्सिलने हलक्या खुणा करा. पेन्सिल भट्टीत जळून जाते. फुलाच्या पाठीवर कडेपासून 2 मिमी आत ओरखडे काढा, पाठीला पाणी लावा, भांड्याला आतून हाताचा आधार द्या आणि फूल मधून बाहेर दाबत बसवा. कडेने सुरुवात केली तर मध्ये हवा अडकते. भांडं जास्त वाळलेलं असेल तर ओलं फूल एकटंच आकसतं आणि कडा उचलल्या जातात. म्हणून भांडं फुलापेक्षा कोरडं नको; वाटल्यास ओल्या फडक्यात तासभर ठेवून मग फुलं चिकटवा. देठ मातीची बारीक वळी करून लावता येतात.

सगळ्यात जास्त भांडी डागांनी वाया जातात, आणि डाग लागताना दिसतही नाहीत. कोबाल्ट कार्बोनेटची कच्ची स्लिप फिकट जांभळट असते. तिचं बोट पांढऱ्या पाकळीला लागलं तर काहीच कळत नाही. भट्टीतून मात्र पाकळी निळा ठसा घेऊन येते. पांढऱ्या कामाला कुंचला, पाणी, फडकं सगळं वेगळं ठेवा.

दोन-तीन दिवस प्लॅस्टिकखाली सावकाश वाळवा. आतून ग्लेझ द्यायचं असेल तर आधी 1000 अंशांना बिस्क, म्हणजे ग्लेझच्या आधीची पहिली भाजणी, करा. पहिल्या 600 अंशांपर्यंत तासाला 60-80 अंशांपेक्षा वेग नको. अंतिम तापमान मातीवर ठरतं. 1220-1240 ला पिकणारी माती सोयीची. बाहेरून ग्लेझ देऊ नका: पाकळ्यांच्या खाचा भरून उठाव बोथट होतो आणि निळा रंग पांढऱ्यात फाकतो. फुलदाणीला आतून पारदर्शक ग्लेझ दिलंत तर पाणी झिरपायची भीती राहत नाही.

भाजून झाल्यावर बाहेरची बाजू 400 नंबरच्या वॉटर पेपरने, पाण्याखाली धरूनच, हलकी घासा. कोरडं घासल्यास सिलिकाची धूळ उडते. मॅट पृष्ठभागावर बोटांचे तेलकट ठसे बसतात. ते साबण आणि मऊ टूथब्रशने निघतात.