‘ओडिसी’चे आठ भाग बांधताना

होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या ‘ओडिसी’ महाकाव्यावर मालिका लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो घटना काळाच्या क्रमाने लावण्याचा: ट्रॉय पडलं, जहाजं निघाली, राक्षस भेटले, नायक घरी पोचला. तो टाळा. २४ सर्गांपैकी प्रवासातली अद्भुतं मुख्यतः ९ ते १२ या चारच सर्गांत आहेत, आणि तीही नायक ओडिसिअस अल्सिनस राजाच्या दरबारात बसून सांगतो. तेराव्या सर्गाच्या सुरुवातीलाच तो इथाकाला, म्हणजे आपल्या घरच्या बेटावर पोचतो. सरळ क्रम लावलात तर त्याची बायको पेनेलपी हिच्याशी लग्न करायला टपलेले, तिचं घर बसून खाणारे सरदार फार उशिरा दिसतात. त्यांचा माज प्रेक्षकांनी सुरुवातीपासून पाहिला नसेल, तर बाविसाव्या सर्गातली कत्तल अंगावर येते, पटत मात्र नाही.

५० मिनिटांचे आठ भाग धरा. पहिल्यात सर्ग १ ते ४, दुसऱ्यात ५ ते ८, तिसऱ्या-चौथ्यात ९ ते १२, पाचव्यात १३ ते १६, सहाव्यात १७ ते १९, सातव्यात २० ते २२, आठव्यात उरलेले दोन. पहिल्या भागात नायक दाखवूच नका. बापाची उणीव त्याच्या मुलाच्या, टेलेमॅकसच्या वागण्यातून कळू दे.

तिसऱ्या-चौथ्या भागांत दर दहाएक मिनिटांनी दरबारात परत या, नाहीतर हे सगळं कुणीतरी सांगतंय याचा विसर पडतो. कात्री लावायची तर लिस्ट्रिगोनियन या नरभक्षक राक्षसांचा प्रसंग आखडता येईल, पण १२ पैकी ११ जहाजं तिथेच बुडतात, तेवढं दाखवावंच लागेल. पॉलिफीमस या एकडोळ्या राक्षसाच्या तावडीतून सुटल्यावर ओडिसिअस जहाजावरून स्वतःचं नाव ओरडून सांगतो, तो क्षण अजिबात कापू नका. नाव कळलं म्हणूनच पॉलिफीमस आपल्या बापाकडे, समुद्रदेव पोसायडनकडे त्याच्यासाठी शाप मागू शकतो.

सरदार १०८ आहेत. ठसठशीत चेहरे तीन पुरेत. अँटिनस, युरिमॅकस आणि त्यातल्या त्यात भला अँफिनोमस. ओडिसिअस त्याला वेळीच निघून जायला सुचवतो, तो थांबतो आणि मरतो. सरदारांच्या कत्तलीनंतर फाशी दिलेल्या १२ दासी गाळाव्याशा वाटतील, पण ठेवा. होमर त्या बाराजणींची नावं देत नाही. म्हणून भिकाऱ्याच्या वेशातल्या ओडिसिअसला टाकून बोलणारी दासी मेलँथो सहाव्या भागातच नीट उभी करा.

कलादिग्दर्शकाशी ओडिसिअस-पेनेलपीच्या पलंगाबद्दल पहिल्याच बैठकीत बोला. त्याचा एक खांब जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या बुंध्याचा आहे, म्हणून पलंग हलत नाही. आठव्या भागात पेनेलपी त्यावरूनच नवऱ्याची परीक्षा घेते. तो खांब आधी फ्रेममध्ये आला तर परीक्षेतली हवाच जाते. त्यामुळे आधीच्या भागांत शेजघराचं चित्रीकरण दाराबाहेरूनच करा.