अंगातून गाणं पाठवायचं कसं? दोन ऑक्स केबल आणि एक वायर

स्पीकरच्या ऑक्स पिनला बोट लागलं की घुंईंईं असा आवाज येतो, हे सगळ्यांनी ऐकलंय. घरातल्या वायरिंगची 50 हर्ट्झची वीज आपलं अंग अँटेनासारखं पकडतं आणि स्पीकरला देतं, म्हणून तो येतो. मग घुंई जाते तर गाणं का नाही जाणार?

सामान: हेडफोन जॅकवाला फोन, बॅटरीवर चालणारा ऑक्सवाला स्पीकर, दोन ऑक्स केबल, वीतभर वायर. दोन्हीचे चार्जर आधी काढा, यात चालढकल नको. आणि पेसमेकरवाल्यांनी यात पडायचंच नाही.

1. एक केबल फोनला लावा, दुसरी स्पीकरला. दोन पिना मोकळ्या राहतील.

2. मोकळ्या पिनांचा मुळाजवळचा भाग, म्हणजे ग्राउंड (सिग्नलची परतीची वाट), वायरने एकमेकांना जोडा. टोकं मात्र एकमेकांना लागू देऊ नका.

3. फोनवर गाणं फुल आवाजात लावा, स्पीकरही वाढवा. आता एका हाताच्या चिमटीत फोनच्या पिनचं टोक धरा, दुसऱ्या हाताने स्पीकरच्या पिनचं. बारीक आवाजात, पण गाणं येतं! हात कोरडे असतील तर कातडीचा रेझिस्टन्स खूप असतो, बोटं जरा ओली करा, लगेच फरक पडतो.

4. आता एक टोक तुम्ही धरा, दुसरं भावाला द्या आणि मोकळे हात मिळवा. हात सोडला की गाणं बंद, धरला की चालू. आमच्याकडे आई भाजी चिरता चिरता ओल्याच हाताने आली आणि तिचाच आवाज सगळ्यात मोठा आला.

5. खरी गंमत इथे आहे: ती जोडलेली वायर काढा. गाणं गेलं, उरली फक्त घुंई. अंगातून सिग्नल नेणं तसं सोपंच, अडतं ते परतीच्या वाटेवर. वायर नसेल तर ती वाट हवेतून, जमिनीतून, कपॅसिटरसारखी, म्हणजे थेट न जोडता, काढावी लागते आणि गाण्याच्या फ्रिक्वेन्सीला ती जवळजवळ बंदच असते.

आयबीएमच्या टॉमस झिमरमनने 1996 मध्ये हात मिळवून व्हिजिटिंग कार्डाची माहिती पाठवून दाखवली, तीही अशी वायर न लावता, सेकंदाला 2400 बिटच्या वेगाने, पण त्याची फ्रिक्वेन्सी शेकडो किलोहर्ट्झची होती. अंगावरच्या उपकरणांनी एकमेकांशी कसं बोलायचं हे ठरवणाऱ्या 2012 च्या आयट्रिपलई 802.15.6 मानकात तर ती 21 मेगाहर्ट्झच्या आसपास नेलीय. आपल्या ऑक्सच्या जुगाडाला तेवढं झेपत नाही, त्यामुळे वायर परत जोडा आणि आईला हाक मारा.