उड्डाणवही वाचताना: बाँबर वैमानिकाच्या युद्धसेवेची नोंद कशी लिहावी

कोकणातील पुष्कळ घरांत फौजेत गेलेल्या माणसाची आठवण जपलेली असते. परंतु तो माणूस बाँबफेकी विमानाचा वैमानिक असेल, तर घरात बहुधा दोनच गोष्टी उरतात, एक गणवेशातील छायाचित्र आणि ‘फार शूर होते’ हे वाक्य. ते वाक्य खरे असले तरी धाडस नेमके कशात होते हे त्यातून कळत नाही. ते कळते उड्डाणवहीतून, म्हणजे लॉगबुकमधून, आणि तीही वाचता आली तरच.

सर्वांत आधी कागद वाचवावेत. वेंगुर्ल्याला आमच्या आजोळी मामांची वही माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत होती. दमट हवेने चिकटलेली पाने मी घाईने सोडवायला गेलो आणि दोन पाने फाटली, त्याची खंत मला अजून आहे. म्हणून चिकटलेली पाने ओढू नयेत. वही सावलीत, वारा खेळेल अशा जागी उघडी ठेवावी आणि सुटतील त्या पानांमध्ये टीपकागद घालावा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कटाक्षाने टाळावे. मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढावे, आणि ते दोन्ही बाजूंचे रकाने एकत्र दिसतील असे काढावे, कारण डावीकडची तारीख उजवीकडच्या तासांपासून तुटली की ओळीला अर्थ उरत नाही.

आता वाचनाकडे वळू. तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, सोबतचे सहकारी, कामगिरी, दिवसाचे तास आणि रात्रीचे तास असे रकाने साधारणपणे असतात. कामगिरीच्या रकान्यात दोन-तीन शब्दच असतात, आणि त्यांची फोड करणे हेच आपले खरे काम होय.

उदाहरणार्थ, १८ डिसेंबर १९६१ ही तारीख आणि ‘दाभोळी’ हा शब्द एका ओळीत आढळला, तर ती गोवा मुक्तीच्या कारवाईतील नोंद आहे. त्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली कॅनबेरा जातीच्या १२ बाँबफेकी विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावीस टन बाँब टाकले. धावपट्टी निकामी करायची, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, अशी ती कामगिरी होती. येथे लिहिणाऱ्याने प्रामाणिक राहावे. गोव्याच्या आकाशात शत्रूची लढाऊ विमाने समोर आली नव्हती. म्हणून या उड्डाणाचे मोल नेमकेपणात आणि संयमात आहे. त्याला हवाई झुंजीचे रूप देणे हा त्या वैमानिकावर अन्यायच ठरेल.

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धाची पाने मात्र सावकाश वाचावीत. १३ सप्टेंबरच्या रात्री कॅनबेरांनी थेट पेशावरच्या तळावर हल्ला केला. अशा रात्रीच्या ओळीसमोर त्या वर्षीचे पंचांग ठेवावे, असा माझा आग्रह आहे. अनंत चतुर्दशी नुकतीच होऊन गेली होती, पौर्णिमेला तीनच दिवस झाले होते, म्हणजे चांदणे होते. ज्या चांदण्यात नॅव्हिगेटरला, म्हणजे विमानाची वाट ठरवणाऱ्या सहकाऱ्याला, खालची नदी दिसते, त्याच चांदण्यात बाँबर विमानही शत्रूला दिसते. आणि कॅनबेराला मागून येणाऱ्या विमानावर गोळीबार करणारी तोफ नव्हती. वेग, उंची, अंधार आणि वैमानिकाचे डोके एवढ्यावरच त्याचा बचाव अवलंबून असे.

सहकाऱ्याच्या रकान्यातील नाव कधीही गाळू नये. भारताने घेतलेल्या बाँबफेकी कॅनबेरात वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकले जाण्याची सोय होती, नॅव्हिगेटरला नव्हती. त्याला दारातून पॅराशूटनिशी उडी घ्यावी लागे. २१ सप्टेंबर १९६५ च्या रात्री एक कॅनबेरा विमान पाकिस्तानच्या स्टारफायटर या लढाऊ विमानाने पाडले, तेव्हा वैमानिक बाहेर पडून युद्धकैदी झाला आणि नॅव्हिगेटर मृत्युमुखी पडला. आपण सुटू शकतो आणि शेजारचा बहुधा सुटणार नाही, हे ठाऊक असूनही दर रात्री त्याच्यासह उड्डाण करणे, हा भार कोणत्याही रकान्यात लिहिलेला नसतो. तो आपल्या लेखात आला पाहिजे.

शौर्यपदक मिळाले असल्यास भारताच्या राजपत्रातील मूळ मजकूर मिळवावा आणि तारीख, हुद्दा व स्क्वॉड्रन वहीशी पडताळून पाहावे. सेवापटासाठी कोणाकडे अर्ज करायचा याची विचारणा आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलायला गणपतीचे दिवस उत्तम, कारण मुंबईची माणसे तेव्हा गावी असतात. ‘त्यांनी पराक्रम काय केला?’ असे विचारू नये. पत्र किती दिवसांनी येई, ब्लॅकआउटच्या रात्री घरात काय चाले, रजेवर आल्यावर ते कशाविषयी बोलत नसत, असे विचारावे. मामींनी मला सांगितले, की मामा सुट्टीत रात्री अंगणात झोपत नसत, आणि चांदण्यात तर नाहीच. ते वाक्य मी त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या नावाने लिहून ठेवले आहे.

मसुदा झाला की त्यातील प्रत्येक विशेषण खोडून पाहावे. उड्डाणाची हकिगत तरीही उभी राहत असेल, तर ते विशेषण परत घेऊ नये. मग एक प्रत घरी आणि एक जिल्हा ग्रंथालयात ठेवावी, आणि पत्ता मिळाल्यास तिसरी प्रत नॅव्हिगेटरच्या घरी पाठवावी.