टी-शर्ट छापून घ्यायचेत? कागदापासून सुरुवात करा

परभणीत कृषीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांनी निरोप समारंभासाठी ११० टी-शर्ट करायला दिले होते. गडद हिरवा कपडा, पाठीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत ‘शेतकऱ्यांची लेकरं’. मी तेव्हा बसस्टँडजवळच्या एका डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर मजकूर मांडून देणाऱ्या दुकानात नवीनच लागले होते आणि ते डिझाइन माझ्या हातचं होतं. माल आला त्या दिवशी मुलं दुकानातच गठ्ठा सोडायला बसली. एका मुलीने पहिला शर्ट झटकून अंगाला लावला, मागे उभी असलेली मैत्रीण पाठ वाचायला लागली आणि थांबली. म्हणाली, “ताई, हे ‘शेतकर्यांची’ झालंय.”

सगळ्याच शर्टांवर तसं होतं. ऱ्याच्या जागी रफार बसला होता. छापल्यावर उष्णता देऊन, म्हणजे भाजून पक्की झालेली शाई कपड्यावरून निघत नाही. मुलांनी वर्गणी काढून पैसे जमवले होते, समारंभ दोन दिवसांवर होता. मी माझ्या कामाचे पैसे परत दिले, पण शर्ट तेच घालावे लागले. त्या दिवसाच्या फोटोत ते अक्षर अजून आहे आणि मला ते अजून टोचतं. म्हणून हे लिहितेय, पहिल्यांदाच ऑर्डर देणाऱ्या वर्गातल्या, मंडळातल्या, संघातल्या मुलामुलींसाठी आणि या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी.

चूक झाली कशी, ते आधी सांगते, कारण मराठी छापणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत हा खड्डा येतो. ‘ऱ्य’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे वेगळंच अक्षर असतं, त्याला हलन्त (पाय मोडल्याचं चिन्ह) आणि पुढे य. दुसरी तऱ्हा जुनी: साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि शेवटी य. मुलांनी मोबाइलवरून पाठवलेला मजकूर या दुसऱ्या तऱ्हेचा होता. युनिकोड म्हणजे मोबाइल-संगणकांवर सगळीकडे सारखी चालणारी अक्षरपद्धत. दुकानात सगळं काम जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये चालायचं, म्हणून मी तो कन्व्हर्टरमधून काढला. त्यात न दिसणारं चिन्ह गळालं. उरले र, हलन्त आणि य, म्हणजे रफारच. मराठीत हा फरक किरकोळ नाही. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. आचाऱ्यांना द्यायचा निरोप आचार्यांना गेला तर कसं व्हायचं?

आता मी मजकूर आधी युनिकोडमध्येच टाइप करते आणि ‘ऱ’ थेट त्याच्या कळीवरून घेते. मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट आहेत, व्यवसायासाठी वापरायलाही परवानगी आहे, आणि ठळक जाडीत ते कपड्यावर फार छान उतरतात. फॉन्टमधले ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, हेही बघा. मराठी वर्णमालेसाठी ६ नोव्हेंबर २००९ ला शासन निर्णय निघाला (२०२२ मध्ये तो सुधारला गेला), त्यात या दोन्ही अक्षरांची आपली वळणं दिलेली होती. काही फॉन्टमध्ये ही रूपं असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय ती पुढे येत नाहीत. ‘लातूर’ हिंदी ल ने छापलं तर वाचता येतं, मान्य आहे. पण आपल्या गावाचं नाव आपल्या अक्षरात असावं, असं मला मनापासून वाटतं.

मजकूर बरोबर दिसला की अक्षरांचं ‘कर्व्ह’ करायचं, म्हणजे अक्षर आता फॉन्टवर अवलंबून राहत नाही, नुसता आकार होतो. छापणाऱ्याच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तरी काही हलत नाही. हे केलं नाही तर ‘विद्यार्थी’ची पहिली वेलांटी द च्या पुढे जाऊन बसलेली मी पाहिली आहे. कर्व्ह न केलेली एक प्रत मात्र जपून ठेवा, दुरुस्ती त्यातच होते. मग खऱ्या मापाची प्रिंट साध्या कागदावर काढायची. डिझाइन १२ इंच रुंद असेल तर चार कागद जोडायचे, पण माप खरंच हवं. तो कागद अशा माणसाला द्या ज्याने डिझाइन आधी बघितलेलं नाही. त्याने अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचायचं: काना, वेलांटी, रफार, अनुस्वार. आपण स्वतः वाचलं तर डोळा जे असायला हवं तेच वाचतो. शेवटी ऑर्डर देणाऱ्याची त्या कागदावर सही घ्या.

यापुढचं कळायला छपाई एकदा जवळून बघाच. मी ती एका जुन्या छपाईवाल्याच्या, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, कारखान्यात शिकले. कारखाना म्हणजे पत्र्याची एक खोली, एक लांब टेबल, भिंतीला टेकवलेल्या चाळीसेक लाकडी फ्रेमा. फ्रेमवर पॉलिस्टरची बारीक जाळी ताणून बसवलेली असते. अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळ्या दिव्याखाली चाचा त्या जाळीवर प्रकाशाने घट्ट होणारं रसायन एकसारखं ओढून वाळवत. डिझाइनची काळीकुट्ट प्रिंट ट्रेसिंग पेपरवर किंवा फिल्मवर काढायची, तिला पॉझिटिव्ह म्हणतात. ती जाळीला चिकटवून प्रकाश द्यायचा. उजेड लागला तिथलं रसायन घट्ट होतं, काळ्या अक्षराच्या सावलीतलं मऊ राहतं. मग पाण्याचा फवारा. मला सगळ्यात आवडणारा क्षण हाच. आधी काहीच दिसत नाही, मग शिरोरेघ उघडते आणि एकेक अक्षर जाळीत पारदर्शक होत जातं. चाचा फ्रेम खिडकीकडे धरून बघत. कुठे अनुस्वाराचं टिंब अडलेलं असलं तर पुन्हा पाणी मारत. ती फ्रेम शर्टावर ठेवून रबराच्या पात्याने शाई ओढायची. ते पातं म्हणजे स्क्वीजी.

अशा तयार जाळीच्या फ्रेमला स्क्रीन म्हणतात. एका स्क्रीनमधून एकच रंग जातो. तीन रंग म्हणजे तीन पॉझिटिव्ह, तीन स्क्रीन आणि तिन्ही एकमेकांवर नेमके बसवणं. म्हणून छपाईवाला पहिला प्रश्न विचारतो तो “किती रंग? किती नग?” समजा एका स्क्रीनचे ४०० रुपये. तीन रंगांचे १२०० झाले. शर्ट २० असतील तर एकेका शर्टावर नुसत्या स्क्रीनचे ६० रुपये बसतात, २०० असतील तर ६. नग थोडे असतील तर रंग कमी करा. तरीही वीस जणांना फोटोसारखं रंगीत चित्रच हवं असेल तर स्क्रीन प्रिंटिंगचा हट्ट धरू नका, डीटीएफ बघा. त्यात चित्र फिल्मवर छापून गरम दाबाने शर्टावर उतरवतात, स्क्रीनचा खर्च नाही. पण शंभराच्या वर नग आणि एक-दोन रंग असतील तर नीट भाजलेल्या स्क्रीन प्रिंटला माझ्या मते तोड नाही.

आता फाइल. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं बोधचिन्ह छपाईला चालत नाही. फोटो पाठवताना ॲप तो आक्रसतं, साध्या दर्जात लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. छपाईला खऱ्या मापात इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे १२ इंचांसाठी ३६००. तुमच्या १६०० मध्ये जेमतेम सव्वापाच इंच निघतात, त्याच्यावर ताणलं की कडा करवतीसारख्या होतात. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. सगळ्यात उत्तम व्हेक्टर, कोरल ड्रॉची सीडीआर किंवा पीडीएफ, जी कितीही मोठी केली तरी फाटत नाही. जेपीजी पीडीएफमध्ये चिकटवली म्हणून ती व्हेक्टर होत नाही, हे मला दर महिन्याला कुणाला तरी सांगावं लागतं. जुन्या मंडळाचं बोधचिन्ह नुसतं लेटरहेडवर उरलं असेल तर ते नव्याने रेखाटून घ्या. एकदाच पैसे जातात, पुढे फलकापासून पावतीपुस्तकापर्यंत तेच चालतं.

बारकाव्यांचंही माप असतं. एक पॉइंटपेक्षा, म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ जाळीत टिकेलच असं नाही. गडद पट्टीत पांढरं अक्षर कोरायचं असेल तर रेघ दुप्पट जाड ठेवा, शाई थोडी पसरते आणि पोकळी बुजवते. देवनागरीत हे जास्त जाचतं. ‘क्ष’, ‘ळ’, ‘ष्ट्र’ यांच्या पोटातल्या जागा आधीच चिंचोळ्या, त्यात वरचं अनुस्वाराचं टिंब शिरोरेघेला चिकटलं की संपलं. १४ पॉइंटपेक्षा लहान मराठी अक्षर मी शर्टावर घेत नाही. छातीवरच्या तीन इंची बोधचिन्हात संस्थेचं पूर्ण नाव, स्थापना वर्ष, तालुका, जिल्हा आणि नोंदणी क्रमांक कोंबायचा आग्रह होतो. तो प्रेमानेच, पण ठामपणे मोडा. दोन रंग शेजारी असतील तर एकाची कड दुसऱ्याखाली अर्धा-एक पॉइंट सरकवून ठेवा. कपडा हलतो, आणि मध्ये कपड्याची फट दिसते ती फार वाईट.

रंगाची दुसरी अडचण गडद कपड्यावर येते. काळ्या शर्टावर भगवा थेट ओढला तर तो विटकरी, मळका दिसतो. खाली पांढरा थर द्यावा लागतो आणि तोही एक स्क्रीनच. म्हणजे तुम्हाला एक रंग वाटतो, कारखान्यात ते दोन असतात. पांढरा थर वरच्या रंगापेक्षा केसभर लहान ठेवायचा, नाहीतर कडेने डोकावतो. मोबाइलच्या पडद्यावरचा निळा बघून निळा ठरवू नका. पडदा स्वतः उजेड देतो, शाई देत नाही. पँटोन कार्डावरचा, म्हणजे प्रत्येक छटेला नंबर दिलेल्या रंगांच्या कार्डावरचा नंबर द्या, ते नसेल तर ज्या झेंड्याचा, फेट्याचा रंग हवा त्या कापडाचा तुकडाच घेऊन जा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे शर्ट करणारी एका वस्तीतली मुलं निळ्या साडीचा काठ घेऊन आली होती. त्यांचा निळा अगदी तंतोतंत निघाला.

कपडा बहुतेक तिरुपूरहून येतो. दुकानदार ‘१८० जीएसएम, बायोवॉश’ म्हणतो तेव्हा पहिला आकडा एका चौरस मीटर कापडाचं वजन असतं, दुसरा शब्द म्हणजे कापडावरची लव काढून मऊ केलेलं सुती कापड. आपल्याकडच्या उन्हात १८० च्या वर जाऊ नका. सुती शर्ट पहिल्या धुण्यात आटतो. नमुना घ्या, मोजा, धुवा, पुन्हा मोजा. खेळाच्या पॉलिस्टर शर्टाचा धोका वेगळाच आहे. एका कबड्डी संघाच्या मरून पॉलिस्टरवर आम्ही पांढरे नंबर छापले, बाहेर पडताना ते दुधासारखे होते. चार दिवसांनी गुलाबी झाले. भाजताना पॉलिस्टरचा रंग उष्णतेने सुटतो आणि पांढऱ्या शाईत चढतो. त्यासाठी कमी उष्णतेवर पक्की होणारी, रंग अडवणारी शाई लागते. कपडा पॉलिस्टर आहे, हे छपाईवाल्याला तोंडाने सांगा, तो हात लावून ओळखेल असं धरून चालू नका.

मापं गोळा करताना ‘एम की एल’ विचारू नका, एम प्रत्येक कंपनीचा वेगळा. प्रत्येक मापाचा एकेक शर्ट आणून ठेवा, जो तो घालून बघेल आणि यादीत नाव लिहील. एकूण आकड्यावर चार-पाच नग जास्त घ्या, कुणीतरी यादीत नाव घालायचं विसरतंच.

दिवसांचं गणित मराठवाड्यात नीट समजून घ्यावं लागतं. १९ फेब्रुवारी आणि १४ एप्रिलच्या आधी कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते. गणपती आणि १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन बहुतेक वर्षी मागेपुढेच येतात, वर पावसाळी हवा, त्यामुळे जाळीवरचं रसायन आणि पाण्याच्या शाईची छपाई दोन्ही वाळायला वेळ घेतात. मे महिन्यात उलटं होतं, पाण्याची शाई जाळीतच वाळते आणि बारीक अक्षरं बुजतात. चाचा उन्हाळ्यात पहाटे पाचला छपाईला बसत आणि दहाला थांबत. कार्यक्रमाच्या किमान तीन आठवडे आधी डिझाइन पक्कं करा. लाइट जाण्याचे दोन दिवस त्यात धरा.

या कामात यायचं असेल तर आधी सहा महिने कारखान्यात राहा, फ्रेमा धुवा, शाई ओढा. नुसतं सॉफ्टवेअर शिकून आलेला मुलगा पडद्यावर सुंदर दिसणारं आणि जाळीतून न उतरणारं डिझाइन करतो. मीही तेच करत होते. त्यासोबत मराठी टायपिंग नीट शिका. शुद्धलेखन पक्कं असलेला डीटीपी ऑपरेटर तालुक्याच्या गावात आजही सापडत नाही आणि ज्याला ते येतं त्याच्याकडे शाळा, बँका, मंडळं आपणहून येतात.

पूर्ण लॉट छापायच्या आधी पहिला शर्ट हातात घ्या. खरोखर त्याच कपड्यावर, त्याच शाईने छापलेला. छपाई दोन्ही हातांनी ताणा. चिरा पडल्या तर शाई आतपर्यंत भाजली गेलेली नाही. प्लास्टिसॉल, म्हणजे प्लास्टिकच्या घट्ट शाईचा थर आतपर्यंत साधारण १६० अंशांना पोचावा लागतो, वरून कोरडी लागली म्हणून पक्की झाली असं नाही. मग तो शर्ट दोनदा साबणाने धुऊन उन्हात वाळवा. कॉलरपासून छपाई तीन इंच खाली आहे का, ते पट्टीने मोजा. आणि हे सगळं झाल्यावर पाठ पुन्हा एकदा वाचायला द्या, यादीत नसलेल्या कुणाला तरी. आमच्याकडे हे काम समोरच्या चहाच्या टपरीवरच्या मावशी करतात. चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, एकेक अक्षर लावून वाचतात. मागच्याच महिन्यात ‘क्रीडा’ची वेलांटी ऱ्हस्व पडलेली त्यांनीच धरली. स्क्रीन पुन्हा केली, दोनशे शर्ट वाचले.